गाणं गावाचं, गळा आपला. मग नाव कुणाचं?

 

कोजागिरी झाल्यावर एका श्रोता गटातल्या बाईंचा आपल्या कार्यक्रमात फोन आला होता. त्या म्हणाल्या, "ताई, आमची भुलाबाईची गाणी कोणीतरी मोबाइलमध्ये भरून नेली. आता ती जिकडेतिकडे वाजून राह्यली. गळा आमचा ओळखू येते, पण नाव दुसऱ्याच कोणाचं आहे. आमच्या हाती काही आहे का?"

त्या दिवशी मी म्हटलं, माहिती घेऊन सांगते. आज सांगते. उत्तर थोडं लांबून येणार आहे. ते जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवरून येईल, लंडनच्या एका छोट्या कंपनीच्या यादीवरून येईल, आणि शेवटी आपल्या गटाच्या वहीपाशी येऊन थांबेल.

लेबल म्हणजे काय, यादी म्हणजे काय

काही घरांत आजोबांच्या काळातली काळी तबकडी अजून माळ्यावर पडलेली असेल. तिच्या मधोमध एक गोल कागद चिकटवलेला असतो. त्यावर कंपनीचं नाव, गाण्याचं नाव, गाणाऱ्याचं नाव आणि एक क्रमांक छापलेला असतो. या गोल कागदाला लेबल म्हणतात. पुढे गाणी भरून विकणाऱ्या कंपनीलाच लोक लेबल म्हणू लागले.

ही कंपनी आपण काढलेल्या प्रत्येक तबकडीची यादी ठेवते. पहिला क्रमांक अमुक, दुसरा तमुक, असं शेवटपर्यंत. तिला कॅटलॉग म्हणतात. दिसायला ती दुकानाची भावपत्रकासारखी यादी असते, पण काम आपल्या गटाच्या पुस्तकासारखं करते. बचत गटात कोणी शंभर रुपये भरले आणि पुस्तकात नोंद झाली नाही, तर वर्षभराने काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पैसे भरलेले असतात, पण दाखवायला काही नसतं. गाण्याचंही तसंच आहे. गाणं गायलं, भरलं गेलं, पण कुठेच नोंद नाही, तर दहा वर्षांनी ते कुणाचंही होऊ शकतं.

सातबारा आठवा. जमीन कोणाच्या नावावर हे एका ठिकाणी लिहिलेलं असतं, आणि पीक कोणतं हे दुसऱ्या ठिकाणी. गाण्याच्या तबकडीतही अशा वेगवेगळ्या नोंदी असतात. गाणं लिहिलं कोणी, चाल लावली कोणी, गायलं कोणी, आणि भरून घेण्याचा खर्च केला कोणी. ही चार नावं वेगळी असू शकतात. बायांच्या गाण्यात गोंधळ होतो तो इथेच. खर्च करणाऱ्याचं नाव राहतं, आणि गाणारीचं नाव आधी गळून पडतं.

तबकडीत बोललेलं नाव

आता जाऊ १९०२ सालात. लंडनची ग्रामोफोन कंपनी १८९८ मध्ये सुरू झाली होती. तिने फ्रेड गेसबर्ग नावाच्या माणसाला आवाज भरायची यंत्रं घेऊन हिंदुस्थानात पाठवलं. नोव्हेंबर महिन्यात कलकत्त्यात त्याने गौहर जान या गायिकेचा आवाज भरून घेतला. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून जोरात गावं लागे आणि सगळं तीन मिनिटांच्या आत आटपावं लागे. तासन् तास रंगणारी मैफल तीन मिनिटांत बसवायची म्हणजे पायलीभर दाणे मुठीत मावेल असं पीठ करायचं.

गाणं संपलं की गौहर जान मोठ्याने इंग्रजीत म्हणत, "माय नेम इज गौहर जान." म्हणजे, माझं नाव गौहर जान. याचं साधं कारण सांगितलं जातं. आवाज कलकत्त्यात भरला, तरी त्याच्या तबकड्या निघायच्या जर्मनीतल्या हॅनोव्हर गावी. तिथल्या कामगारांना आपली भाषा कळणार नव्हती. कोणत्या तबकडीवर कोणता कागद चिकटवायचा हे कळावं म्हणून गाणारीने स्वतःच नाव सांगायचं.

बघा, सोय होती कारखान्याची. पण त्यामुळे झालं असं, की सव्वाशे वर्षांनी आजही ती तबकडी लावली की बाई स्वतःचं नाव स्वतः सांगते. कागद फाटला, खोका हरवला, तरी नाव त्या आवाजातच राहिलं.

हे लक्षात ठेवा. आपल्याला पुढे कामी येणार आहे.

लाखेची तबकडी आणि तिच्यावरचे आकडे

त्या जुन्या तबकड्या कशाच्या असत? लाखेच्या. बांगड्यांची लाख, तीच. पळस, कुसुम, बोर या झाडांवर लाखेचे किडे बसतात आणि त्यातून लाख निघते. आपल्या पूर्व विदर्भाच्या रानांतही ती निघते. लाख शुद्ध करून, त्यात दगडाची भुकटी वगैरे मिसळून तबकडी दाबून काढत. मिनिटाला ७८ फेरे घेणारी ही तबकडी हातातून पडली की बांगडीसारखी फुटायची.

तिच्यावर दोन प्रकारचे आकडे असत. एक कागदावर छापलेला. हा यादीतला क्रमांक. दुकानदार याच क्रमांकाने माल मागवायचा. आपल्याकडे एचएमव्हीच्या पुष्कळ तबकड्यांवर 'एन' हे अक्षर आणि पुढे आकडा दिसतो. दुसरा आकडा कागदाच्या बाहेर, गुळगुळीत भागात बारीक कोरलेला. हा त्या भरणीचा क्रमांक, म्हणजे त्या दिवशी ते गाणं यंत्रात भरलं त्याची नोंद. एकच गाणं दोनदा भरलं असेल तर यावरून वेगळं ओळखता येई.

गाईच्या कानातला पिवळा बिल्ला आठवा. त्यावर बारा आकडे असतात. गावात पंधरा कपिला असतील, पण बिल्ल्याच्या आकड्याने तुमचीच गाय ओळखू येते आणि विम्याच्या वेळी तोच आकडा विचारतात. आज मोबाइलवर विकत मिळणाऱ्या गाण्यांनाही असाच बारा अक्षर-अंकांचा क्रमांक दिला जातो. त्यात देश, क्रमांक घेणारा, वर्ष आणि अनुक्रम हे सगळं बसवलेलं असतं. गाणं कुठेही वाजलं तरी त्या क्रमांकाने मोजता येतं. मोजता आलं तर पैसे कुणाला द्यायचे हे ठरतं. क्रमांकच नसेल तर मोजणी दुसऱ्याच्या खात्यावर जाते.

मेहकरची कविता

आपल्या विदर्भातलं एक उदाहरण घेऊ. बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांनी 'शीळ' नावाची कविता लिहिली. तिला चाल लावून गायली ग. ना. जोशी यांनी, आणि त्या गाण्याची तबकडी निघाली. मराठी भावगीतांच्या सुरुवातीच्या काळातलं हे फार गाजलेलं गाणं. पुढे जोशी स्वतः एचएमव्ही कंपनीत आले आणि अनेक थोर गायक-गायिकांची गाणी त्यांनी भरून घेतली.

इथे कवी एक, गायक दुसरा, तबकडी काढणारी कंपनी तिसरी. तिघांची नावं वेगवेगळी नोंदली गेली, म्हणून आज आपण म्हणू शकतो की ही कविता मेहकरच्या कवीची. नोंद नसती तर? 'जुनं गाणं' एवढंच उरलं असतं.

जुन्या तबकड्यांत मराठी बायांचे आवाजही कमी नाहीत. हिराबाई बडोदेकर यांचं गाणं तबकड्यांमुळे गावोगावी पोचलं. पण त्या दुकानाच्या यादीत जागा मिळाली ती मैफलीत, नाटकात गाणाऱ्या बायांना. जात्यावर, पाळण्यापाशी, रोवणीच्या बांधीत गाणाऱ्या बाईला बोलवायला कंपनीची गाडी सहसा आली नाही. जे विकलं जाईल ते भरायचं, हा कंपनीचा हिशेब.

वर्गणीवर चाललेलं लेबल

मग ज्यांचं गाणं विकलं जाईल असं मोठ्या कंपनीला वाटत नाही, त्यांनी काय करायचं? याचं एक उत्तर विलायतेतल्या साध्या माणसांनी काढलं. लंडनमध्ये कामगारांच्या संगीताची एक संघटना होती. तिने १९३९ मध्ये 'टॉपिक' नावाचं लेबल सुरू केलं. मोठ्या कंपनीच्या ताब्यात नसलेल्या अशा लेबलला स्वतंत्र लेबल म्हणतात. सुरुवातीला हा एक मंडळाचा कारभार होता. सभासदांनी वर्गणी भरायची आणि तबकडी त्यांच्या घरी टपालाने यायची. आपल्या गटाच्या मासिक बचतीसारखंच म्हणा ना.

यांच्या पहिल्या तबकडीचा क्रमांक होता टीआरसी १. टॉपिक रेकॉर्ड क्लब, म्हणजे टॉपिकचं तबकडी मंडळ, याची ती आद्याक्षरं. त्यावर गाणं होतं कामगारांच्या बिअरमध्ये पाणी घालणाऱ्या माणसावरचं, थट्टेचं. दुधात पाणी घालणाऱ्यावर आपण गाणं म्हणावं, तसं. मोठ्या कंपनीने असं गाणं कशाला काढलं असतं?

पुढे या लेबलने खेड्यापाड्यांतल्या, कारखान्यांतल्या, भटक्या लोकांतल्या गाणाऱ्यांची गाणी काढली. १९६५ मधली एक तबकडी सांगते. गाणारे होते हल गावच्या वॉटरसन कुटुंबातल्या दोघी बहिणी, त्यांचा भाऊ आणि एक नातलग भाऊ. या भावंडांचे आईवडील लहानपणीच गेले होते आणि त्यांना आजीने वाढवलं होतं. तबकडीत होती वर्षभराच्या सणांची आणि ऋतूंची गाणी. आपली जशी नागपंचमीची, भुलाबाईची, होळीची असतात तशी. या तबकडीचा क्रमांक १२ टी १३६. फोड करून पाहिली तर सोपं आहे. बारा इंची तबकडी, टी म्हणजे टॉपिक, आणि अनुक्रम १३६. एवढ्या लहान क्रमांकात तिची ओळख बसली.

हे लेबल आजही चालू आहे. १९९८ मध्ये त्यांनी जुन्या गावगायकांच्या आवाजाचा वीस सीडींचा संच काढला. त्यातले कितीतरी गाणारे काही प्रसिद्ध नव्हते. कोणी शेतात राबणारे, कोणी घोड्यांबरोबर गावोगाव फिरणारे. पण कोण गात आहे, कुठे आणि कधी भरलं, हे लिहून ठेवलेलं होतं. म्हणून एवढ्या वर्षांनी त्यांची गाणी त्यांच्याच नावाने बाहेर आली. छोट्या लेबलकडे पैसा कमी असतो, पण वही नीट असेल तर ते टिकतं.

नाव होतं म्हणून सापडली

नोंदीने काय होतं याची आणखी एक गोष्ट सांगते. गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर. फार मोठ्या गायिका. १९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन यानं अवकाशात सोडली. सूर्यमालेच्याही पलीकडे जाणारी. पृथ्वीवर माणूस राहतो, तो गातो, हे कुणाला कळलंच तर कळावं म्हणून प्रत्येक यानात सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी ठेवली. तिच्यात जगभरचे संगीताचे २७ तुकडे आहेत. त्यात भारताचं एकच गाणं, केसरबाईंनी गायलेली भैरवी, साडेतीन मिनिटांची.

ते गाणं हवं असं ठरलं, तेव्हा तबकडी बाजारात मिळत नव्हती. शोध करता करता ती न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात सापडली. शोधणारे परक्या देशाचे, भाषा परकी. त्यांना शोधता आली ती एकाच कारणाने. गाणारीचं नाव आणि गाण्याचं नाव त्यांच्याजवळ होतं. 'एका बाईचं छानसं गाणं' एवढंच माहीत असतं तर जगात कुठे शोधणार होते?

आपल्याकडेही जुन्या तबकड्या जमवणारी माणसं आहेत. त्यांनी १९९० मध्ये मुंबईत आपली संस्था काढली. कंपन्यांच्या पिवळ्या पडलेल्या जुन्या याद्या त्यांना सोन्यासारख्या वाटतात. कारण तबकडी फुटली तरी ती निघाली होती हे यादी सांगते, आणि मग दुसरी प्रत कुठे असेल याचा शोध घेता येतो.

ज्यांची तबकडी निघाली नाही

मघाशी म्हटलं, जात्यावर गाणाऱ्या बाईकडे कंपनी आली नाही. पण तिच्याकडे दुसरं कोणीतरी गेलं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि जन्माने फ्रेंच पण इथलेच होऊन राहिलेले गी पॉइटवाँ, या दोघांनी १९८० च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. मुळशी, मावळच्या डोंगरी गावांतल्या कार्यकर्त्या बाया त्यांच्याबरोबर होत्या. गावागावांत जाऊन त्या आपल्याच मैत्रिणींकडून ओव्या लिहून घेत. करता करता हजाराहून जास्त गावांमधून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. महाराष्ट्रातल्या बायांनी रचलेल्या गाण्यांचा हा फार मोठा ठेवा आहे.

या कामातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांची नोंद. प्रत्येक ओवीपुढे गाणारीचं नाव आहे, गाव आहे, तालुका आहे, ओवी कशाबद्दल आहे तेही आहे. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज आज कोणीही इंटरनेटवर ऐकू शकतं, आणि तो त्यांच्याच नावाने ऐकू येतो. ओवी ही कुणा एकीची नसते. आईकडून लेकीला, जावेकडून जावेला येते. तरीसुद्धा ती कोणी गायली हे लिहिता येतं. 'लोकगीत आहे, त्याला कसलं नाव' असं कोणी म्हटलं तर त्याला हे उदाहरण सांगा.

कायदा काय म्हणतो

आता त्या ताईंच्या प्रश्नाकडे येऊ. आपल्या देशात १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्यातल्या चार गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

पहिली. गाण्याचे शब्द लिहिणाऱ्याचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं राहतो. जनाबाई, तुकाराम यांचे अभंग सगळ्यांचे झाले. पण राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ मध्ये गेले. साठ वर्षांच्या हिशेबाने त्यांच्या लिहिलेल्या भजनांवरचा हक्क २०२८ च्या अखेरपर्यंत आहे. मंदिरात खंजिरीवर म्हणायला कोणी अडवत नाही. पण त्या भजनांची रेकॉर्ड काढून विकायची असेल तर आधी परवानगी विचारा.

दुसरी. भुलाबाईची जुनी गाणी, ओव्या, पाळणे यांचे शब्द कुणा एकाच्या मालकीचे नाहीत. ते कोणीही म्हणू शकतं. पण तुम्ही ते म्हटलं की तुमच्या त्या गायनावर तुमचा हक्क असतो. याला कलाकाराचा हक्क म्हणतात आणि तो पन्नास वर्षं राहतो. तुमच्या संमतीशिवाय तुमचं गाणं भरून घेणं, ते विकणं किंवा लोकांपर्यंत प्रसारित करणं या हक्काला बाधा आणतं. थोडक्यात, गाणं सगळ्यांचं, पण गळा तुमचा.

तिसरी गोष्ट ऐकून मला स्वतःला नवल वाटलं होतं. ध्वनिमुद्रण प्रसिद्ध करताना त्यावर आणि त्याच्या वेष्टनावर काय छापलंच पाहिजे हे कायद्यात दिलं आहे. भरून घेणाऱ्याचं नाव-पत्ता, गाण्याच्या हक्कदाराचं नाव-पत्ता आणि पहिल्यांदा प्रसिद्ध झाल्याचं वर्ष. या यादीत गाणारीचं नाव नाही! दीक्षाभूमीवर विजयादशमीला पुस्तकांच्या ठेल्याशेजारी कॅसेट आणि सीडीचे ठेले लागत आले आहेत. तुमच्या घरात भीमगीतांची किंवा भजनांची जुनी कॅसेट असेल तर तिचं कव्हर वाचून पाहा. कंपनीचं नाव असेल. मागे साथ देणाऱ्या बायांची नावं आहेत का, ते पाहा.

चौथी गोष्ट ही कमी भरून काढते. २०१२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून आपल्या गायनाला आपलं नाव लावून घेण्याचा हक्क कलाकाराला मिळाला आहे. गाण्याचा हक्क तुम्ही पैसे घेऊन कंपनीला दिलात, तरी नावाचा हक्क तुमच्याकडे राहतो.

आपली वही

कायदा आहे, पण कोणी विचारलं, "ही गाणी तुमचीच कशावरून?" तर काय दाखवणार? म्हणून वही हवी. शंभर पानी वही आणि गटातली एक लिहिणारी मुलगी, एवढ्यावर काम होतं.

गटाच्या नावाचं अक्षर, वर्ष आणि अनुक्रम असा क्रमांक ठरवा. सावित्री गट असेल तर सा, मग वर्ष, मग १. त्याच्यापुढे गाण्याचे पहिले शब्द लिहा. कोणत्या वेळचं गाणं ते लिहा. पुढे म्हणणारी कोण, झील धरणाऱ्या कोण, ढोलकी-टाळ कोणाचे, सगळ्यांची पूर्ण नावं. 'आणि इतर महिला' असं लिहू नका. इतर महिला नावाची बाई कोणत्याच गावात राहत नाही. गाणं कुणाकडून शिकलात तेही लिहा. आजीकडून असेल तर आजीचं नाव आणि तिचं माहेर. नवीन शब्द कोणी जोडले असतील तर तिचं नाव वेगळं लिहा, कारण ते शब्द तिचे आहेत. शेवटी तारीख, ठिकाण, कोणाच्या मोबाइलमध्ये भरलं आणि कशासाठी द्यायचं ठरलं. खाली सगळ्यांच्या सह्या किंवा अंगठे.

दिलेला क्रमांक पुन्हा दुसऱ्या गाण्याला देऊ नका. गाणं बिघडलं, ढोलकी चुकली, तरी नोंद खोडू नका. बाजूला शेरा लिहा.

गाणं भरताना गौहर जानसारखं करा. सुरुवातीला एकीने बोलावं, आम्ही अमुक गावच्या, अमुक गटाच्या बाया, आजची तारीख ही. शेवटी पुन्हा नावं सांगा. सुरुवात कापली तरी शेवट राहतो. दोन्ही कापलं तरी तुमच्याजवळची मूळ प्रत राहते. म्हणून मूळ प्रत दोन ठिकाणी ठेवा, एक मोबाइलमध्ये आणि एक दुसरीच्या घरी मेमरी कार्डावर.

बाहेरचं कोणी गाणं भरायला आलं तर हाकलू नका. पाहुणा आहे, चहा द्या आणि तीन गोष्टी विचारा. हे कुठे वाजणार? आमची नावं कुठे येणार? पैसे मिळाले तर आमचा वाटा काय? उत्तर कागदावर घ्या आणि त्याची प्रत वहीला जोडा. जो चांगल्या मनाने आला असेल त्याला या प्रश्नांचा राग येणार नाही.

आणि फोन केलेल्या ताईंनो, तुमच्यासाठी. आधी बसून त्या दिवसाची नोंद करा, कोण कोण गात होत्या, कोण भरत होतं, तारीख कोणती. जिथे ते गाणं आहे तिथलं चित्र मोबाइलमध्ये काढून ठेवा. मग ज्याने टाकलं त्याला गटाच्या नावाने पत्र लिहून कळवा, आमची नावं घाला नाहीतर गाणं काढा. ऐकलं नाही तर त्या ॲपवरच तक्रार नोंदवण्याची सोय असते. तेवढ्यानेही भागलं नाही तर तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीत किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. १५१०० या नंबरवर फोन केला तरी माहिती देतात.

पैसे मिळतीलच असं मी सांगत नाही. पुष्कळदा वाटण्याइतके पैसेही नसतात. पण उद्या तुमची नात ते गाणं लावेल, तेव्हा त्यात तिच्या आजीचं नाव असावं, एवढं तर आपल्या हातात आहे.

येत्या बैठकीत हजेरी, बचत, कर्जफेड झाली की पाच मिनिटं काढा. एक गाणं म्हणा आणि वहीच्या पहिल्या पानावर क्रमांक एक लिहा. गटातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईपासून सुरुवात करा. तिच्याजवळची गाणी आधी लिहून घ्या.